मामादूची राहिलेली नावं

अवाचा फोन आला तेव्हा मी शिफ्टला निघालो होतो. "मामादू गेला," एवढंच म्हणाली. मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनात आमची घरं शेजारी शेजारी, पण लॉकडाउनमुळे तिचा नवरा हॉस्पिटलात जाताना मला नुसता कुंपणावरून हात करता आला. "नो वरीज, मेट," म्हणाला होता.

मामादू मूळचा मालीतल्या बामाको शहराचा, पिढीजात गवई. दिवसा गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि संध्याकाळी बॅकयार्डात कोरा घेऊन बसायचा. कोरा म्हणजे आपल्या तंबोऱ्यासारखा भोपळा, फक्त तारा बक्कळ. लोकांच्या पूर्वजांची नावं गाणं हे त्याच्या घराण्याचं काम. माझ्या मुलीच्या बारशाला गा म्हटलं, तर म्हणाला, नावं सांग. मी वडील सांगितले, आजोबा सांगितले. "त्यांच्या आधी?" "माहीत नाही रे." "पासपोर्ट आहे आणि पणजोबा नाही? कसला माणूस आहेस तू?" शेवटी साताऱ्याच्या आत्याला फोन लावला. "बरी आठवण झाली पणजोबांची," असं फणकारून तिने धडाधड पाच पिढ्या सांगितल्या. पाहुणे झूमवर, मामादू कुंपणापलीकडे. त्याच्या तोंडून 'गणपत' ऐकताना मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

"आता तुझी नावं गा," म्हटलं तर त्याने नकारार्थी मान हलवली. गवयाने आपलं घराणं आपण गायचं नाही, घरच्यांनीही नाही. दुसऱ्यानेच गायचं. त्याच्यासाठी बामाकोतला बालमित्र लामिन गाणार, हे लहानपणीच ठरलेलं.

लामिन गायला... पण फोनवरून, कारण सीमा बंद. दफनाला मोजक्यांनाच परवानगी. मूलबाळ नव्हतं, नातलगही इथे कोणी नव्हते म्हणून मला जागा मिळाली. अवाने फोन कबरीवर धरला. लामिनने सगळ्यात जुन्या पूर्वजापासून सुरुवात केली, अगदी संथ. आजोबांपर्यंत आला आणि तिथला कर्मचारी हळूच म्हणाला, "सॉरी मेट, पुढची फॅमिली थांबलीये." त्याचा तरी काय दोष. पण वडिलांचं आणि खुद्द मामादूचं नाव राहून गेलं, आणि ते मला जेवताखाता सलत राहिलं.

परवा निर्बंध उठल्यावर त्यांच्याकडे गेलो. कोरा त्याच्या खुर्चीत ठेवलेला. लामिनला पुन्हा फोन लावूया का, असं मी विचारलं.

"तो म्हणतो, तुटलेलं गाणं तिथे हजर असलेल्याने पुरं करायचं," अवा म्हणाली. "तू कर. तू घरचा नाहीस, तुला चालतं."

मला कुठली चाल येणार... खुर्चीसमोर बसून नुसतं बोललो. आधी तिने सांगितलं ते सासऱ्यांचं नाव, बाकारी. मग मामादू.

"आता पुढचं?" मी विचारलं.

"पुढे कोणी नाही," अवा म्हणाली.