बॅटरीत राखून ठेवायचं किती

ह्यांच्या फुफ्फुसांचं दुखणं वाढलं तेव्हा आमच्या वासणा भागातल्या घरावर सोलर आधीच होतं. बॅटरी नंतर आली, ती ह्यांच्यासाठी. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालायचं. लाइट गेली की ते एकसारखी शिट्टी मारत बंद पडायचं, आणि मी धावत जाऊन सिलिंडर जोडायचे. म्हणून जिन्याखालच्या भिंतीवर बॅटरी बसवून घेतली. मग बाहेर लाइट गेली तरी मशीन चालू राहायचं. हे कोयलीच्या रिफायनरीत नोकरी करून निवृत्त झालेले; आकडा बघितल्याशिवाय कुठल्याच यंत्रावर त्यांचा विश्वास नसे. पलंगावर पडल्यापडल्या मोबाइलमध्ये बॅटरी किती भरली ते बघायचे आणि तरी मला विचारायचे. मी म्हणायचे, भरलेली आहे.

हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेलं, तिथेच ते गेले. मशीन भाड्याचं होतं. मीच फोन करून निजामपुऱ्यातल्या दुकानाच्या माणसांना बोलावलं आणि तेराव्याच्या आधी ते घेऊन जायला सांगितलं. लोकांना वाटलं, मी खंबीर आहे. मला काहीच वाटत नव्हतं. भूक लागायची, झोप यायची, दूध उतू जायच्या आत गॅस बंद व्हायचा.

बॅटरी मात्र राहिली. रोज दुपारपर्यंत पूर्ण भरायची आणि तशीच बसायची. एकटीला वीज लागते ती किती?

बेंगळुरूला असलेल्या मुलीनं फोनवर सांगितलं की आपल्या भागात नवी योजना आली आहे. संध्याकाळी घरोघरचे एसी लागतात, तेव्हा वीज कमी पडते. त्या वेळी लोकांच्या घरातल्या बॅटरीतून वीज घेतात आणि तिचे पैसे बिलात जमा करतात. "आई, नुसती पडून आहे ती," असं म्हणाली. मी म्हटलं, बरं, पाठव कोणाला तरी.

योजनेचा माणूस आला. मी चहा केला. त्यानं जिन्याखाली वाकून बॅटरी तपासली, मोबाइलवर काही जोडलं आणि गुजरातीत एकेक विचारत गेला. किती माणसं राहतात? एक. एसी किती? एक, पण वापरत नाही. मग त्यानं वर न बघताच विचारलं, "बेन, घरात श्वासाच्या मशीनवर कोणी आहे? तसं असेल तर आम्ही बॅटरीला हात लावत नाही."

"नाही," मी म्हटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, दिवसकार्य झालं, मुलगी येऊन राहून परत गेली. पण घरात आता कोणी नाही हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. त्या अनोळखी माणसाला सांगितलं, तेव्हाही आत काही हललं नाही. चहावर साय धरली होती, ती मी बोटानं काढली.

लाइट गेली तर स्वतःसाठी किती वीज राखून ठेवायची, असं त्यानं विचारलं. बरेच जण थोडीफार ठेवतात, म्हणाला. मी सांगितलं, काही ठेवू नका. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तसं करून दिलं.

मग संध्याकाळ झाली की बॅटरी रिकामी होऊ लागली. कनेक्शन ह्यांच्या नावावर होतं, त्यामुळे पैसे जमा झाल्याचा मेसेज ह्यांच्या मोबाइलवर यायचा. त्यात नाव घेऊन ह्यांचे आभार मानलेले असायचे. मी वाचून फोन पालथा ठेवायचे. उन्हाळ्यात बिल जवळजवळ येईनासं झालं, तेव्हा मुलगी खूश झाली. मीही बरं झालं म्हटलं.

त्याच उन्हाळ्यात ड्रेनेजसाठी आमच्या सोसायटीबाहेरचा रस्ता खणला होता. एका संध्याकाळी खणताना केबल तुटली आणि सगळी लाइट गेली. त्या दिवसाची बॅटरीतली वीज देऊन झालेली होती, त्यामुळे आमचाही पंखा थांबला. मी खुर्चीतच बसून राहिले. छाती धडधडली नाही, हे लक्षात आलं तेव्हा जरा विचित्र वाटलं.

एवढ्यात दारावर थापा पडल्या. शेजारची बाई, हातात टॉर्च, पायात दोन वेगळ्या चपला. हे होते तेव्हा लाइट गेली की ती अशीच यायची, बॅटरीवर मशीन लागलं का ते बघायला. एरवी आमच्या घरात निदान दिवा तरी दिसायचा. आज अंधार बघून ती धावत आली होती.

"मशीन..." म्हणाली आणि मग तिला आठवलं.

मग माझ्याशेजारी बसून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. रडायचं ते मी, पण रडत होती ती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, बॅटरीला काय झालं? मी सांगितलं, विकते मी ती वीज. राखून काही ठेवत नाही.

"केम? तू नथी रहेती अहीं?" ती म्हणाली. रागावली होती. तू राहत नाहीस का इथे, असं मला ह्यापूर्वी कोणी विचारलं नव्हतं. ती मला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. तिथे सोसायटीतले सगळे खुर्च्या टाकून बसले होते. कोणीतरी काकडी चिरून दिली, ती मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी योजनेच्या माणसाला फोन करून एक पंखा आणि दोन दिवे चालतील एवढी वीज राखून ठेवायला सांगितलं. त्यानं कारण विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात मृत्यूचा दाखला घेऊन वीज कंपनीच्या ऑफिसात गेले आणि कनेक्शन माझ्या नावावर करून घेतलं. रांग मोठी होती, ऊन होतं, काम झालं.

त्या संध्याकाळी मुलीला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, वाईट वाटलं का? मी म्हटलं, माहीत नाही. मग तिनं जेवलीस का म्हणून विचारलं. मी म्हटलं, खिचडी लावली आहे, होईल एवढ्यात.