वरचं वार्निश

इस्लामपूरला एसटीडी बूथशेजारी एका कारागिराचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की मी त्याच्याकडेच जायचो. आतल्या गुंडाळीची तार नखानं चाचपून तो म्हणायचा, "तांबं चांगलं हाय मास्तर, वरचं वार्निश उडालंय."

त्याच्या बायकोच्या पायांतली ताकद गेली, तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी नसांवरचं आवरण झिजल्याचं सांगितलं. त्याला ते लगेच समजलं. पुढं तिला दिवस गेले आणि ती भिंत न धरता चालू लागली. डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, त्यानं हे आवरण पुन्हा धरत असावं, उंदरांत तसं दिसलंय. पण बाळंतपणानंतर ते संप्रेरक उतरतं, पाय परत दगा देतील.

हे त्यानं मला सांगितलं, तिला नाही.

आठव्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो दारापासून मोरीपर्यंत भिंतीला पाइप बसवत होता.

"आवं, ह्यो कशाला?" तिनं विचारलं.

"पोराला धरून चालाय नको व्हय?"

ती हसली. तिचा हात सहज पाइपवर टेकला. पाइप बरोबर तिच्या कमरेइतक्या उंचीवर होता.