आणि मंडळी

स्वतःच्या मनाने एकही निर्णय न घेता पन्नाशी गाठलेला, आणि तरीही सुखी असलेला पुरुष मी आयुष्यात एकच पाहिला. दोह्यात बिन महमूदमधल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर दोन दोस्तांबरोबर खोली घेऊन राहणारे कराडचे काका! काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "मंडळींना विचारून सांगतो." कराडला त्यांचा पंपांचा लहानसा कारखाना होता आणि त्याच्या नावात आडनावापुढे 'आणि मंडळी' होतं, त्यामुळे मला आपलं वाटायचं, तिकडे लोडाला टेकून बसलेले चार-पाच भागीदार असतील. पण भागीदारांना विचारायच्या गोष्टी तरी काय? एकदा खोलीतल्या दोस्ताने जुना फ्रिज देऊ केला. काकांनी कराडला पत्र टाकलं. पाच आठवड्यांनी 'घ्या' असं उत्तर आलं, तोवर फ्रिज दुसऱ्याला विकला जाऊन तिथे बिघडलासुद्धा होता. काका मात्र खुशीत. "होकार आलाय ताई, आता दुसरा बघाय हरकत न्हाई!" मिशी ठेवावी की काढावी, हाही प्रश्न असाच पोस्टाने गेला होता. मिशी राहिली.

दुसरं वेड पंपांचं. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये ते पंप दुरुस्तीचं काम करायचे, पण एवढ्याने त्यांचं पोट भरत नसे. सुट्टीच्या दिवशी रस्त्याने चालताना कुणाच्या घरचा पंप कण्हताना ऐकू आला, की "बेअरिंग गेलं त्येचं" म्हणत ओळख ना देख, थेट घंटी वाजवायचे. अशीच एका म्हाताऱ्या कतारी गृहस्थांशी ओळख झाली. त्यांच्या मळ्यातला पंप काकांनी सुरू करून दिला आणि बोलता बोलता सांगितलं, की यापेक्षा बरा पंप आम्ही गावाला करतो. "मग इथे दुकान का घालत नाहीस?" म्हातारबुवांनी विचारलं. झालं! कराडची कंपनी कतारात नोंदवायची, या एकाच ध्यासाने काकांना पछाडलं. आठ वर्षं दुसऱ्याच्या पाटीखाली राबलेला माणूस तो, त्याला स्वतःची पाटी हवी होती. ती त्यांनी आधीच रंगवूनही घेतली, मराठी, इंग्रजी आणि अरबीत, आणि कॉटखाली ठेवली. मंडळींना विचारलं होतं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाटीचं कळवलंय. उत्तर आलं न्हाई अजून."

लग्नाआधी मी नाशिकला टायपिस्ट होते, त्यामुळे त्यांचे इंग्रजी अर्ज माझ्याच गळ्यात पडले. परक्या कंपनीला इथे धंदा करायचा तर इथला भागीदार लागतो. ते म्हातारबुवा आनंदाने झाले. मग कागद! कराडचा दाखला मुंबईला, मुंबईचा दिल्लीला, तिथून शिक्के घेऊन दोह्याला, मग त्याचं अरबी भाषांतर. एक शिक्का तिरका पडला म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून. यात दोन वर्षं गेली. कचेरीच्या खिडकीवर "उद्या, इन्शाल्ला" ऐकून काका परत यायचे आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पुन्हा हजर.

शेवटच्या फॉर्मात रकाना होता, मूळ कंपनीच्या सर्व भागीदारांची नावे. मी टाइपरायटरवर बोटं ठेवून म्हटलं, "काका, सांगा मंडळींची नावं."

काका चक्क लाजले. "मंडळी म्हंजे... आमची मंडळी की वं!"

"अहो, तेच विचारतेय. कोण कोण?"

"एकलीच हाय." आणि त्यांनी बायकोचं नाव सांगितलं. "कारखाना तीच बघती. माझं नुसतं आडनाव."

अगंबाई! म्हणजे ते अख्खं संचालक मंडळ नऊवारी नेसत होतं तर. मी हसून हसून दोनदा नाव चुकवलं.

सहीसाठी कागद कराडला गेले आणि सहीविनाच परत आले. सोबत चिठ्ठी: 'कागद अरबीत आहे. जे वाचता येत नाही त्यावर मी सही करत नाही. समक्ष समजावून सांगावे.' मग व्हिसा काढून मंडळींनाच बोलावणं भाग पडलं. काकू आल्या, शेंगदाण्याची चटणी आणि चष्मा घेऊन, आणि आमच्याकडेच उतरल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. काकूंना सोबत म्हणून मीही. अरबी भाषांतरकार एकेक कलम हिंदीत सांगत होता आणि काकू मान डोलावत होत्या. शाखेच्या व्यवस्थापकाने, म्हणजे काकांनी, कतारातच राहिलं पाहिजे, या कलमापाशी त्यांनी त्याला थांबवलं.

"किती वर्सं?"

भाषांतरकाराने कागद उलटसुलट केला. मुदत नव्हती.

"मग ह्येंची परत यायची तारीख कुठं लिवलीया?"

"ऐसा कुछ नहीं होता, माताजी."

"मग घाला."

फॉर्मात तसा रकानाच नाही, हे त्याने तीन प्रकारे समजावलं. काकूंनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "तारीख न्हाई, तर सही न्हाई."

काकांनी काकूंकडे पाहिलं. "दोन वर्सं घासलीत गं मी ह्येच्यापायी."

"आन् मी धा," काकू म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू, मला त्या बाईचा संताप आला. काकांनी काउंटरवरचा तो कागद उचलून फाईलमध्ये ठेवला. मग त्यांनी फाईल मिटली, नाडी बांधली आणि म्हणाले, "खलास. मंडळींची मंजुरी न्हाई." त्यानंतर दोन दिवस ते फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे जेवायला आले, आणि काकू माझ्याकडे पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "पंप काय गं, कराडातबी इकत्यात. धा वर्सं पत्रावर संसार केला. आता पोस्टमनला बघूनच मला लाज वाटती, त्यो माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त यळा घरी येतो." माझा राग तिथेच विरला. बाहेर काका आमच्या ह्यांना खुशीत सांगत होते, की परत जायचं ठरलंय, मंडळींना विचारलंय.

महिनाअखेर ती दोघं गेली. कॉटखालची पाटी त्यांनी मला देऊन टाकली. तिच्यावर मी गॅलरीत पापड वाळवते. पहिल्यांदा वाळत घातले त्याच संध्याकाळी आमचे हे कचेरीतून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, आणखी पाच वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करून आलो.

मी चहा गाळत होते. "मंडळींना विचारलंत?" मी म्हटलं.

ह्यांना वाटलं, मी काकांची नक्कल करतेय. हे खूप हसले. मीही हसले, आणि कप त्यांच्या हातात देऊन पापड उलटायला गॅलरीत गेले.