माझ्या मनगटावरचे वळ

हे मी आजवर कुणाशीही बोललेले नाही. आईशी नाही, मैत्रिणींशी नाही, काउन्सेलरशीही नाही. काउन्सेलरकडे तर वर्षभर जात होते, दर वेळी रडत होते आणि दर वेळी तिच्याशीसुद्धा खोटंच बोलत होते. तुला सांगते आहे, कारण — नाही, कारण राहू दे. सांगते, एवढंच.

लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी. रेवाचा नवरा वरवर फार गरीब, पण घरी तिला मारायचा. एका रविवारी शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, त्याला नेलं आणि रेवा सुटली. इथल्या आपल्या लोकांत कुणालाही विचार, हेच सांगतील. हळू आवाजात, माझ्याबद्दल जरा आदराने.

मला आधी बेसबॉलचं सांगावं लागेल. हसू नकोस. त्याच्याशिवाय हे सांगताच येत नाही. किंवा असंही असेल, की बेसबॉलचं बोलत राहिले की पुढचं तेवढंच लांबतं.

मी नागपूरची, समीर पुण्याचा. लग्नानंतर मी न्यू जर्सीत आले. पार्सिपनीपासून जवळच्या एका गावात आमचं लहानसं अपार्टमेंट होतं. व्हिसामुळे सुरुवातीला मला नोकरी करता येत नव्हती. समीर ऑफिसला गेला की घरात आवाज हवा म्हणून टीव्ही लावायचे आणि उन्हाळाभर टीव्हीवर जवळजवळ रोज बेसबॉल. आधी काही कळेना. मग कळायला लागलं, आणि मग दुसरं काही सुचेना. बॉल टाकणारा पिचर डावखुरा असला की कोण ढेपाळतो, कुणाचा खांदा दुखावलाय आणि तो लपवतोय, बॅटिंगच्या क्रमात कुणाला कुठे घालायला हवं — सगळं मला पाठ. पुढे माझा स्वतःचा व्हिसा झाला, नोकरी लागली, तर इथे जन्मलेली माणसं सोमवारी माझ्या डेस्कपाशी येऊन मला लाइनअपबद्दल, म्हणजे त्या क्रमाबद्दल विचारायची. मला त्याचा माज होता. दुसऱ्या कशाचा माज करावा असं माझ्याकडे होतं तरी काय?

मी इथल्या टीमची, समीरची टीम वेगळी. तो ज्या शहरात एमएस करायला आला, तिथली. या दोन टीमचं वैर फार जुनं, इथल्या घरांत ते आजोबांकडून नातवाकडे येतं. समीरला खरं तर खेळाचं वेड नव्हतं. कॉलेजात असताना घेतलेली एक टोपी होती, ती तो या दोन टीमच्या मॅचच्या दिवशी मला चिडवायला घालायचा. उलटी.

पहिल्यांदा कधी, ते आठवतं मला. आमच्या पिचरने हातातली मॅच घालवली, समीर हसला आणि मी त्याच्या दंडावर बुक्की मारली. दोघंही हसलो. त्यात काय, नाही का? नवरा-बायकोत चालतं. पुढच्या वेळी बुक्की जोरात होती आणि फक्त तोच हसला. मग नखं. मग दंडाच्या आतल्या बाजूची कातडी चिमटीत धरून पिळायची, तो ओरडेपर्यंत. एकदा चहाचा काचेचा मग फेकला. तो भिंतीवर फुटला आणि एक तुकडा त्याच्या कानामागे घुसला. मानेवरून रक्त कॉलरमध्ये उतरत होतं आणि तो वाकून काचा गोळा करत होता. "अनवाणी येऊ नकोस इकडे," म्हणाला.

आता कळलं ना? समीरने मला कधी मारलं नाही. मारायची ती मी.

टीम हरली म्हणून मारायचे असंही नाही. बेसबॉल हे निमित्त होतं. ऑक्टोबरात सीझन संपल्यावर, मॅच नसतानाही, दुसरी निमित्तं मिळायचीच. मला राग यायचा आणि समोर तो असायचा. बरं वाटायचं का? हो. हे लिहायला हात अडतोय, पण हो. हात त्याच्या अंगावर पडला की क्षणभर डोक्यातला गोंगाट थांबायचा. मग मी रडायचे आणि तोच मला पाणी आणून द्यायचा.

उन्हाळ्यात तो फुल शर्ट घालायला लागला. मानसी, माझी मैत्रीण, एकदा बार्बेक्यूला म्हणाली, "समीर, जून आहे यार! एवढा पॅक होऊन काय बसलायस?"

"ऑफिसचा एसी, यार. सवय झालीये," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

माझे बाबाही — नाही. ते मी इथे आणणार नाही.

तो रविवार. समीरच्या टीमशी तीन मॅचची सिरीज होती. शुक्रवारी आम्ही हरलो. शनिवारी त्यांच्या पिचरने आमच्या सगळ्यात तरण्या बॅटरच्या बरगडीत बॉल घातला. मुद्दाम. तो पोरगा गुडघ्यांवर बसला, मग उठून सरळ पिचरच्या अंगावर धावला. दोन्हीकडचे खेळाडू मैदानात उतरले, ढीग झाला माणसांचा, कुणाचंतरी नाक फुटलं. मी सोफ्यावर उभी राहून ओरडत होते, "हाण त्याला! तोंड फोड त्याचं!" समीर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो टीव्हीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

रविवारी दुपारी लाइनअप आली आणि माझं डोकं फिरलं. चौथ्या जागेवर तो तरणा पोरगा नव्हता. चौथा बॅटर म्हणजे टीमचा कणा. आधीचे अर्ध्या वाटेवर, बेसवर पोचलेले असतात, त्यांना फटका मारून यानेच घरी आणायचं, त्यांचे रन पुरे करायचे असतात. आणि तिथे मॅनेजरने कुणाला घातलं? एका थकलेल्या म्हाताऱ्याला, महिनाभर ज्याच्या बॅटला बॉल लागला नव्हता! मी ऑफिसच्या ग्रुपवर मॅनेजरची सालटी काढली, घरात येरझारा घातल्या. समीर कांदा चिरत होता.

"अगं, आज समोर डावखुरा पिचर आहे ना? तुझा तो म्हातारा डावखुऱ्यांना बरा खेळतो. आकडे बघ की."

त्याचं बरोबर होतं. आकडे मला पाठ होते. म्हणूनच तर —

मॅच शेवटाकडे आली, आम्ही दोन रनांनी मागे, दोघं बेसवर आणि म्हातारा बॅटिंगला. त्याने पहिल्याच बॉलवर असा फटका मारला की फील्डरने नुसती मान वर करून बघितलं. होम रन, एका फटक्यात तिघांचे तीन रन. बॉल वरच्या स्टँडमध्ये. आमची टीम जिंकली. जिंकली, हे नीट ऐक. मला आनंद व्हायला हवा होता.

समीर उठला, टाळ्या वाजवल्या, टोपी काढून मला लवून नमस्कार केला. "काय मॅडम? चौथा कोण खेळायला हवा होता?"

टीव्हीखाली एक लाकडी बॅट असायची. खेळण्यातली, हातभर लांब, स्टेडियममध्ये फुकट मिळालेली. पण भरीव. ती हातात कधी आली ते मला आठवत नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. आठवतं. नीट वाकून उचलली. पहिला घाव त्याच्या पाठीवर, तो सोफ्यावर कोसळला. त्याने डोक्यावर कोपर धरलं, म्हणून मी बरगड्यांवर मारलं. जाड गादी धोपटावी तसा आवाज येत होता. मग एकदा वेगळा आवाज आला, कोरडा, आणि त्याच्या तोंडून हवा निघून गेली. तरी मी थांबले नाही. चेहऱ्यावर मात्र एकही घाव घातला नाही. सोमवारी त्याला ऑफिस होतं. एवढं भान मला होतं. भान होतं, याचा अर्थ तुला कळतो ना?

शेवटी त्याने माझी दोन्ही मनगटं पकडली. "रेवा, बस. बस कर आता." मी त्याच्या मांडीत गुडघे मारत किंचाळत होते, "सोड! सोड मला! लागतंय!" काही लागत नव्हतं. शेजारच्या शैलाकाकूंना भिंतीपलीकडे ऐकू गेलं ते एवढंच — एक बाई ओरडतेय, सोड मला, लागतंय. त्यांनी फोन केला. त्यांच्या जागी कुणीही केला असता.

बेल वाजली तेव्हा बॅट मी पायाने सोफ्याखाली सरकवली.

दोघं पोलीस होते. पुरुष समीरपाशी थांबला, बाई मला स्वयंपाकघरात घेऊन आली. मी रडत होते. तिने माझे हात उलटेसुलटे करून बघितले. मनगटांवर समीरची बोटं लाल उमटली होती, एकेक मोजता येईल अशी. फार मायेने तिने विचारलं, "डिड ही डू दिस, हनी?"

मी मान हलवली.

बोटं त्याचीच होती की नाही? मान हलवताना माझ्या मनात हे चाललं होतं, की यात खोटं काहीच नाही. विचारलं तेवढ्याचंच तर उत्तर दिलंय.

समीरने शर्ट वर केला असता तरी पुरलं असतं. त्याने नाही केला. बाहेर तो एवढंच म्हणाला होता, की बेसबॉलवरून भांडण झालं. पोलिसाने त्याचा हात मागे वळवला तेव्हा तो कळवळून वाकडा झाला. पोलिसाला वाटलं झटापट करतोय. त्याने समीरला दाराच्या चौकटीवर दाबलं, छातीच्या त्याच बाजूने. तो का वाकडा झाला ते त्या घरात फक्त दोघांना माहीत होतं. समीरने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तो वाट बघत होता, की मी आता बोलेन.

जाताना पोलिसाला म्हणाला, "शी नीड्स आइस. हर हँड." बॅट हाणून हाणून माझा उजवा हात सुजला होता.

त्याने घरी येऊ नये असा आदेश हवा का, असं मला विचारलं गेलं. मी सही केली. घाबरून केली, पण समीरला घाबरून नव्हे. तो परत आला तर खरं बोलेल, याला घाबरून. तो एका कलीगकडे राहिला. बरगडी मोडली होती हे मला पुढे कळलं. डॉक्टरला त्याने जिन्यावरून पडलो असं सांगितलं होतं.

मी कोर्टात उभी राहिले नाही म्हणून केस मिटली. अटकेची नोंद मिटली नाही. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं, तो पुण्याला गेला आणि परतीच्या व्हिसाला ती अटक आडवी आली. नोकरी गेली, तो तिथेच राहिला. घटस्फोट आम्ही स्क्रीनवर, व्हिडिओ कॉलवरून घेतला. त्या दिवशीही तो काही बोलला नाही. का? मला माहीत नाही. ते प्रेम होतं असं मी म्हणणार नाही, ते माझ्या फार सोयीचं होईल. बायकोने मारलं हे पुरुष कुणाला सांगणार, आणि सांगितलं तर कोण ऐकणार — एवढंच असेल.

शैलाकाकू वरण-भात घेऊन आल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "पोरी, भिंतीला भिंत लागून, आम्हाला कळलंच नाही गं. गप्प असायचा ना तो, तेव्हाच ओळखायला हवं होतं." मी दोनदा भात वाढून घेतला.

मग महाराष्ट्र मंडळाच्या बायकांनी महिला दिनाला मला बोलायला बोलावलं, आणि मी गेले. साडी नेसून, माइक हातात घेऊन, मार खाणाऱ्या बाईला काय वाटतं ते मी त्यांना सांगितलं. दाराचा आवाज झाला की अंग कसं आक्रसतं. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं कसं वाटत राहतं. कुठून सुचलं? मी ते रोज समोर बघितलं होतं. समीरचं होतं ते सगळं. त्याचं भय मी माझ्या तोंडून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. कार्यक्रम संपल्यावर एक नवीन लग्न झालेली मुलगी मागे थांबली. बाही वर करून मला काळानिळा दंड दाखवला. "ताई, तुमच्यासारखं धाडस नाहीये माझ्यात." तिला फोन नंबर दिला, माणसं गाठून दिली, ती सुटली. पण त्या दंडाकडे मला बघवलं नाही. तसे डाग कसे पडतात, किती जोर लागतो, ते माझ्या हाताला ठाऊक होतं.

त्यानंतर मी कुणावर हात उचललेला नाही. घरात कुणी नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये कुणीतरी "वहिनी!" अशी हाक मारली. ऋचा, समीरची धाकटी बहीण. लग्न करून तीही अमेरिकेत, हर्नडन गावी आलीय, इकडे नणंदेकडे आली होती. मला वाटलं, आता ही चारचौघांत माझ्या थोबाडीत मारेल. माझी मान खाली गेली होती. तिने सामानाची पिशवी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आई जाईपर्यंत म्हणत होती, एकदा रेवाला भेटून माफी मागायचीय. तिला नाही जमलं," ऋचा म्हणाली. "दादा काहीच बोलत नाही गं. विचारलं की उठून जातो. आई-बाबांनी असं नव्हतं वाढवलं त्याला. त्याच्या वतीने मी सॉरी म्हणते, वहिनी. खरंच सॉरी."

आजूबाजूला लोक गाड्यांत सामान भरत होते. मला बोलायला भरपूर वेळ होता.

मी तिला जवळ घेतलं. पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "त्याला सांग, मी त्याला केव्हाच माफ केलंय."

तिने सांगितलं असणार.