पुंजाजीचा पांढरा सदरा

पुंजाजीकडे चांगला म्हणावा असा एकच सदरा होता. पांढरा, कडक इस्त्रीचा. लग्नाकार्यापेक्षा तो सदरा ट्रकातच जास्त बसला असेल.

साल चौऱ्याहत्तरचं. आखाडा बाळापूरच्या सडकेला पुंजाजीचं पत्र्याचं शेड होतं. बारा वर्षं फौजेच्या वर्कशॉपात गाड्यांच्या पत्र्याचं काम करून तो गावी परतला, आणि त्याच्या मागोमाग फौजेतले म्हातारे ट्रकही लिलावातून इकडे आले. कापूस वाहायला, तूर वाहायला. त्यांची इंजिनं अजून खणखणीत होती. गंजायच्या त्या समोरच्या काचांच्या चौकटी. चौकट गंजली की काचेभोवतीचं रबर जागा सोडायचं आणि पावसाचं पाणी आत यायचं.

पुंजाजी कुजका पत्रा कापून नवा तुकडा जोडी, नवं रबर बसवी, मग सदरा घालून ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसे. बाहेरून त्याची बायको कमलबाई काचेवर घागरीवर घागरी पाणी फेकी. सदऱ्यावर एक थेंब दिसला तरी काम पुन्हा पहिल्यापासून.

"ही फौजेतली रीत हाय का?" कोणी विचारलं की कमलबाई सांगे, "न्हाई. सदरा मला धुवा लागते ना, म्हून ह्यायला ही रीत सुचली."

भादव्यात सेनगावचा बाबूसिंग ड्रायव्हर आपल्या मालकाचा, अमृतरावांचा ट्रक घेऊन आला. उतरताना तो लंगडत होता.

"पुंजाजीदादा, चौकट तर गंजलीच, तिच्याखाली बसून माझा गुडघा बी गंजून राहिला."

"मालकाला सांग की."

"मालक मागच्या खेपेला शेजारीच बसले होते. त्यायचं धोतर भिजलं. आता म्हणतात, बाजाराच्या दिवशी सोता येऊन बघतो. थेंब आला तर गाडी भंगारात." बाबूसिंगनं बॉनेटवर हात ठेवला. "अकरा वर्षं झाली हिच्यासंगं. दुसरी गाडी भेटंल बी, पण ही ऐकते माझं."

असल्या चौकटी पुंजाजीनं वर्कशॉपात शेकड्यांनी हाताळल्या होत्या. फौजेतून सुटून तो या सडकेला लागला, तशीच ही गाडी. तिला तोडायला पाठवायचं त्याच्या मनाला येईना.

दोन दिवस खपून त्यानं खालचा सगळा पत्रा बदलला, रबर बसवलं, सदरा चढवला. पाचव्या घागरीला गुडघ्यापाशी टप् झालं. त्यानं रबर काढून पुन्हा बसवलं. पुन्हा तिथंच टप्. बाबूसिंग तोंड फिरवून सडकेकडे बघत राहिला. बाजार दुसऱ्या दिवशी होता.

सदरा पिळता पिळता कमलबाई म्हणाली, "थेंब पडला तिथंच काहून उकरून राहिले तुमी? माझ्या माहेरी, शिरड शहापूरला, मातीचं माळवद गळालं की माय थेंबाकडं बघतच नव्हती. वर चढून चढाच्या अंगाला भोक हुडकायची. पाणी लाकडा-लाकडानं चालत येते, मंग पडते."

"हे काय माळवद हाय?"

"पाण्याला काय ठाऊक, हे माळवद हाय का मिलिटरीची गाडी?"

पुंजाजी उठला. त्यानं चौकटीच्या वरच्या बिजागरीची पट्टी सोडली. खाली गंजाचा फोड होता. टोच्याचं टोक लावताच आत गेलं. तिळाएवढं भोक! वरून शिरलेलं पाणी पोकळ चौकटीतून गुपचूप खाली यायचं आणि कोपऱ्यात टपकायचं. पुंजाजी एकटाच मोठ्यानं हसला.

भोक बुजवून, लाल रंग मारून त्यानं रबर घेतलं. ताणून बसवलेलं रबर आठवड्यात आखडतं, म्हणून बोटभर लांबच कापलं. साबणाच्या पाण्यानं ओलं करून त्याच्या खाचेत सुतळी घातली आणि आतल्या बाजूनं ती हळूहळू ओढत गेला. सुतळी निघेल तसं रबर काचेवर ओठ मिटत होतं.

बाजाराच्या दिवशी अमृतराव आले. पुंजाजी सदरा घालू लागताच त्यांनी हात केला.

"तू नको. आपल्याच कामाला तू पास करशील. मी बसतो."

पुंजाजीनं सदरा खिळ्याला लावला. कमलबाईनं पदर खोचला. चौदा घागरी झाल्या. आत अमृतराव चौकटीवरून हात फिरवत होते, मग धोतर चाचपत होते. एकाएकी दार उघडून ते खाली आले, "कोरडं! बाबूसिंग, एकदम कोरडं!"

पंधराव्या घागरीचं पाणी तोवर कमलबाईच्या हातातून सुटलं होतं.

ते थेट अमृतरावांच्या छातीवर. बाजाराला आलेली माणसं भोवती जमली होती. कमलबाईचे हात तसेच वर राहिले.

अमृतरावांनी मिशी पुसली. "काचेतून न्हाई आलं. दारातून आलं. दाराचं बोलणं झालंच नव्हतं."

तेव्हा कुठं सगळे हसले. वारा गार होता. पुंजाजीनं खिळ्यावरचा सदरा काढून पुढं केला आणि मध्येच त्याचा हात थबकला; आपल्या अंगचा सदरा मालक कसा घालतील? अमृतरावांनी सदऱ्याकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं. मग आपल्या ओल्या सदऱ्याच्या गुंड्या सोडायला लागले. पुंजाजीचा सदरा त्यांना पोटावर जरा तंग झाला.

ट्रक गेल्यावर कमलबाई म्हणाली, "आता दुसरी गाडी आली तर काय बनियनवर बसता?"

अकरा दिवसांनी, झडीच्या पावसात बाबूसिंग आला. लंगडत नव्हता. गाडीत काचेच्या वर, चौकटीच्या आकड्याला धुतलेला, इस्त्री केलेला सदरा टांगून त्यानं सेनगावापासून आणला होता. पुंजाजीनं कॉलर, बाह्या, घोळ, सगळं उजेडात धरून बघितलं. पाण्याचा एक ठिपका नव्हता.

"खिशावर डाग हाय," कमलबाई म्हणाली.

"तो मालकाच्या पानाचा हाय, वहिनी."

"मंग तो ह्यायच्या कामात धरायचा न्हाई," असं म्हणून तिनं सदरा बादलीत टाकला.