गरम लोखंडाचं माप

घाई नावाची चीज जगात असते, याचा पत्ता ज्याला आयुष्यभर लागला नाही असा एकच माणूस मी पाहिला, आणि नेमका तोच माझा गुरू निघाला. बालाघाटला त्यांचं लोखंडाचे सुटे भाग कापून घडवणाऱ्या लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणे. आयटीआय करून मी त्यांच्याकडे शिकायला गेले, तेव्हा कोणीतरी विचारलं, ‘पोरगी काहून ठेवली?’ उस्ताद म्हणाले, ‘मशीनले का मालूम, कोन चालवून राह्यलं ते!’ पण पहिले दोन महिने त्यांनी मला त्या मशीनला हात लावू दिला नाही. एक लोखंडी ठोकळा आणि कानस देऊन सहाही बाजू काटकोनात आणायला सांगितल्या. ठोकळा झिजून साबणाच्या वडीएवढा उरला, तेव्हा कुठे ‘हौ, आता जमते’ एवढं ऐकायला मिळालं. मलाजखंडचा एखादा ठेकेदार जीप चालू ठेवूनच पंपाचा बुश मागायला आला, तर उस्ताद आधी जीप बंद करायला लावत. कापलेलं लोखंड तापून किंचित फुगतं. ते निवल्याशिवाय मोजायचं नाही, हा त्यांचा धर्म. ‘गरम लोखंड झूठ बोलते,’ असं सांगून ते ठेकेदाराला खुशाल तासभर बाकावर बसवत.

धानाच्या हंगामात रामपायलीच्या एका राइस मिलचा शाफ्ट, म्हणजे यंत्राचा फिरता दांडा, मापात कापायला माझ्याकडे आला. उस्ताद त्या दिवशी लग्नाला गेले होते. मिलचा माणूस दारात उभा राहून घाई करत होता. मी शाफ्ट गरम असतानाच मोजला, बरोबर आला. कागदात गुंडाळताना शंका आली म्हणून पुन्हा मोजला, तर दोन शतांश मिलिमीटर कमी. केसाहूनही बारीक फरक. तरीही मी तो शाफ्ट देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी शटर ओढलं आणि आम्ही रामपायलीची बस धरली.

मिल धडधडत होती. मालक वैतागला. ‘चालून तर राह्यली, उस्ताद! काहून बंद करता?’

‘आज चालते. बेअरिंगमंदी शाफ्ट ढिला हाय, काही दिवसांत बेअरिंग खाऊन टाकन. चूक माझी हाय.’

‘चूक माझी आहे,’ मी म्हणाले.

‘मशीन माझी, तर चूक बी माझी,’ उस्ताद माझ्याकडे न पाहता म्हणाले. मग त्या म्हाताऱ्या माणसानं सगळ्या हमालांदेखत मालकाची बोलणी मान खाली घालून ऐकली.

परत आल्यावर त्यांनी नवा शाफ्ट कापायला माझ्याच हातात दिला आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसले. काम झाल्यावर मी हाक मारली. त्यांनी शाफ्टला तेल लावलं, कागदात गुंडाळला.

‘तुम्ही मोजत नाही?’

‘तू मोजला ना?’

आता मी नागपूरच्या कारखान्यात आहे. उस्ताद गोंदियाला लेकीकडे असतात. नजर गेली आहे, माणसं आवाजावरून ओळखतात. दिवाळीत भेटायला गेले, तर मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात हातात घेतला. तळव्यावरच्या घट्ट्यांवरून, गरम लोखंडी किसाने पडलेल्या जुन्या व्रणांवरून सावकाश बोटं फिरवली. लेक चहा ठेवून गेली, तरी त्यांनी हात सोडला नाही. मीही ओढून घेतला नाही.