शाकाहारी गळ

रघुवीर मेहेंदळे मासे पकडतो, पण खात नाही. ओळख करून देतानाच तो ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगतो, म्हणजे समोरच्याला आश्चर्य वाटायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. मूळचा पुण्याचा. हल्ली इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कात बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. स्वतःची एखादी त्याला सापडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्याची बायको श्यामला माझी जिवलग मैत्रीण, आमची घरं एकाच रस्त्यावर, त्यामुळे हे बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते.

हा नाद त्याला ऑफिसातल्या एका गोऱ्यानं लावला. त्यानं रघुवीरला एका तळ्यावर नेलं आणि तिथे रघुवीरला साक्षात्कार झाला, की ह्या देशात हौशी लोक मासा पकडतात, पट्टीनं मोजतात, त्याला हातात धरून फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. मारायचं पाप नाही, साफ करायची कटकट नाही, तरी पकडल्याचं श्रेय पूर्ण. आमच्या पुण्याच्या माणसाला ह्याहून सोयीचा छंद कुठे मिळणार? फक्त गळाला जिवंत किडे लावायचं त्याच्या मनाला पटेना. मग त्यानं पाण्यावर तरंगणारे प्लॅस्टिकचे मासे आणले, पोटाखाली आकडे असलेले, रंगीबेरंगी.

“अगं कस्तुरी, धिस इज कम्प्लीटली व्हेजिटेरियन,” तो मला म्हणाला. “गळाला किडा नाही, पोटात मासा नाही. नुसती भेट.”

“ओठात आकडा घालून?”

“ते फार मोमेंटरी असतं,” तो म्हणाला.

गेल्या गणपतीत त्यानं मंडळात ह्यावर स्लाइड्ससकट भाषण दिलं. विषय होता गळ आणि ध्यान. अहिंसा, एकाग्रता, निसर्ग, सगळं त्यात आलं. टाळ्याही पडल्या. श्यामला मागे चहाचे कप भरत होती.

श्यामला अलिबागची, सीकेपी. तिकडे खाडीत जिताडा मिळतो आणि जावई घरी आला की तो करतात, नाहीतर जावयाचा मान राखला असं कोणी म्हणत नाही. हा जावई आला तेव्हा तिच्या आईनं बिचारीनं हिरमुसून दहीभात कालवला. प्रेमविवाह होता. मेहेंदळ्यांच्या घरात मासा शिजणार नाही, एवढी एकच अट होती आणि ती श्यामलानं मानली. पुढे सासूबाई गेल्या, घर बदललं, देश बदलला, पासपोर्ट बदलला. अट मात्र व्हिसाबिसा न लागता इथवर आली. चिप्सशेजारी मिळणाऱ्या पिठातल्या पांढऱ्या लादीला श्यामला मासा मानत नाही. माझ्याकडे कधीतरी खाते, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात हात चालत नाही म्हणते, आणि निघताना केसांना वास येतोय का ते मला हुंगायला लावते. पन्नाशी ओलांडलेली बाई! मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

ह्या ऑगस्टमध्ये तिचा वाढदिवस होता. काय हवं, असं रघुवीरनं विचारलं. एरवी ती काही नको म्हणून मोकळी होते. ह्या वेळी माझ्यासमोर म्हणाली, “मला एक मासा हवाय. तू पकडलेला. आपल्या किचनमध्ये, माझ्या हातानं केलेला. एकदाच.”

रघुवीर चष्मा पुसत राहिला. “लेट्स सी,” तो म्हणाला. पण रविवारी सकाळी त्यानं आम्हा दोघींना गाडीत बसवलं आणि डिकीत चक्क कूलबॉक्स ठेवला. तो बघून श्यामला वाटभर काहीबाही गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

समुद्राला लागून एक खाऱ्या पाण्याचं तळं आहे. भरतीला त्यात समुद्र शिरतो आणि त्याच्यामागोमाग बास नावाचे मासे येतात, चंदेरी, टोकदार तोंडाचे, अगदी जिताड्याचे चुलतभाऊ शोभतील असे. काठाजवळ पाणी जेमतेम गुडघाभर. रघुवीरनं प्लॅस्टिकचा मासा लांब फेकला आणि काठीचं टोक हलके हलके झटकत तो ओढायला लागला. मासा पाण्यावरून डावीउजवीकडे झोकांड्या खात येऊ लागला, जखमी झाल्यासारखा. हे काम तो फार सुरेख करतो, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात मागे पाणी फुगलं, आणि तो फुगवटा प्लॅस्टिकच्या माशामागून सरसर येऊ लागला.

“थांब, थांब,” श्यामला पुटपुटली. “त्याला तोंड घालू दे.”

पाणी फुटलं आणि काठी वाकली.

बेचाळीस सेंटिमीटरच्या वरचा असेल तर कायद्यानं मासा घरी नेता येतो. हा चांगला हातभर होता. रघुवीरनं पट्टी लावली, मी फोटो काढला, श्यामलानं कूलबॉक्सचं झाकण उघडलं. रघुवीर गुडघ्यांवर बसून आकडा सोडवत होता.

“दुखलं का रे? सॉरी हं. झालं, झालं,” तो माशाला म्हणत होता. मग त्यानं एकदा श्यामलाकडे पाहिलं आणि मासा पाण्यात सोडून दिला.

“आय कान्ट, श्यामला. माझ्या हातून जीव नाही जाणार. यू नो मी.”

श्यामलानं झाकण लावलं. रघुवीरला धरून पाण्यात ढकलावं असं मला मनापासून वाटलं. माशाला दुखलं का विचारतो! बायकोला कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

पण मासा गेलाच नाही. आकडा कल्ल्यात खोल लागला होता, पाण्यात लाल रेघ पसरत चालली होती. तो एका कुशीवर झाला. रघुवीर बुटांसकट पाण्यात शिरला, त्याला सरळ धरून पुढेमागे हलवू लागला. कल्ल्यांतून पाणी गेलं की मासे शुद्धीवर येतात म्हणे. “कम ऑन, कम ऑन यार,” तो म्हणत होता. हात काढला की मासा पुन्हा उलटायचा. रघुवीर रडत होता. हे मी कुचेष्टेनं सांगत नाही, तो खरोखर रडत होता, आणि तेवढ्यापुरती मला त्याची दया आली.

श्यामला चपला काढून पाण्यात उतरली. त्याच्या हातातून मासा घेतला, कल्ला उघडून पाहिला.

“मेलाय,” ती म्हणाली. “तुझ्याच हातून मेलाय, रघुवीर. आता ह्याला फुकट घालवायचं नाही.”

घरी आल्याआल्या तिनं सिंकमध्ये खवले काढले, तुकड्या केल्या, लसूण ठेचला, चिंच कोळली. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाली, “तू बस, कस्तुरी.” इतकी वर्षं हातात सुरी धरून हीच वाट बघत असल्यासारखी ती झरझर कामाला लागली होती. रघुवीर बागेत खुर्ची टाकून बसला होता. कालवणाचा वास तिथवर गेला असणारच, कारण आम्ही जेवायला बसलो तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. आत मात्र आला नाही.

श्यामला भात कालवून, बोटांनी काटे काढत, सावकाश जेवत होती.

“इतक्या वर्षांत तू कधी बोललीच नाहीस,” तो म्हणाला.

“बोलले होते. लग्नाच्या आधी, आमच्या ओसरीवर. मला जमणार नाही म्हणाले होते. तू म्हणालास, होईल सवय.”

त्यानं तिच्या ताटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “मग, झाली का?”

“नाही,” श्यामला म्हणाली, आणि डोक्याचा तुकडा आपल्या ताटात वाढून घेतला.